फाइल समोर दिसते, तरी यंत्र म्हणतं ‘नाही’

पत्र थोडक्यात: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली ही मुलगी फोंड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, घरी कोंकणी. सरांनी सुचवलं म्हणून तिने एका ओपन सोर्स प्रकल्पातला (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) नवख्यांसाठी राखून ठेवलेला छोटा इश्यू, म्हणजे करायच्या कामाची नोंद, मागून घेतला. काम एका बटणावरचा मजकूर बदलण्याचं. पण प्रकल्प तिच्या लॅपटॉपवर सुरूच होत नाही. विंडोज, ८ जीबी रॅम, आणि लॅपटॉप धाकट्या भावाबरोबर वाटून घेतलेला. मार्गदर्शिकेतल्या सगळ्या पायऱ्या करून डॉकर (प्रकल्प लिनक्सच्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालवला की दर वेळी शेवटी एकच ओळ येते: ‘एक्झेक, एन्ट्रीपॉइंट डॉट एसएच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ती फाइल तर फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर आहे. तिने पाच वेळा सगळं पुसून पहिल्यापासून टाकलं. चॅटबॉटने सांगितलेल्या कमांड चालवून पाहिल्या. बंगळुरूच्या मावसभावाला हेच करायला अर्धा तास लागला म्हणे. तीन आठवडे उलटलेत, मेन्टेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, ‘कसं चाललंय’ म्हणून विचारलंय आणि हिने उत्तर दिलेलं नाही. ती विचारते: “ताई, हे आपलं काम नव्हे म्हणून सोडून देऊ? की बाबा म्हणतात तसा हप्त्यावर नवा लॅपटॉप घेऊ?”

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस आणि लॅपटॉपही घेऊ नकोस. पण एवढं सांगून तुझा प्रकल्प सुरू होणार नाही, म्हणून आधी त्या ओळीकडे बघू. ती तू पत्रात जशीच्या तशी उतरवून दिलीस, हे फार चांगलं केलंस. ‘काहीतरी एरर येते’ असं लिहिणारे जास्त असतात. त्यांना उत्तर देताना माझं निम्मं पत्र प्रश्न विचारण्यातच जातं.

फाइल आहे आणि यंत्र म्हणतं फाइल नाही. अशा वेळी दोघांतलं कुणीतरी चुकतंय असं वाटतं. खरं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. ही एन्ट्रीपॉइंट म्हणजे शेल स्क्रिप्ट, ओळीने चालवायच्या कमांडची फाइल. तिच्या पहिल्या ओळीत, हॅश आणि उद्गारचिन्हाच्या पुढे, ही स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची त्याचा पत्ता असतो. बहुतेक वेळा तो बॅशचा असतो. लिनक्स ती ओळ वाचतो आणि त्या पत्त्यावर बॅश शोधायला जातो. आता तुझ्या फाइलीत त्या ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारं एक जादा अक्षर असेल, तर लिनक्स तेही नावाचाच भाग धरतो. ‘बॅश’ आणि त्याला चिकटलेलं ते अक्षर, अशा नावाचा प्रोग्राम जगात कुठेच नाही. म्हणून तो म्हणतो, नाही. नसतो तो प्रोग्राम, पण संदेशात नाव छापलं जातं तुझ्या फाइलीचं. हा संदेश लिहिणाऱ्याने थोडे कष्ट घेतले असते तर जगभरातल्या नवख्यांचे कितीतरी रविवार वाचले असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते जादा अक्षर येतं कुठून? गावात कुणी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं असेल तर विचार. ओळ संपली की टाइपरायटरची दांडी हाताने ढकलायची. मग गाडा उजवीकडे परत जायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर या दोन हालचालींसाठी दोन वेगळे संकेत होते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९६३ च्या आस्की तक्त्यातही ते वेगवेगळेच राहिले, क्रमांक १३ आणि १०. विंडोजने ओळ संपवायला दोन्ही ठेवले. युनिक्सने आणि पुढे लिनक्सने फक्त लाइन फीड ठेवला. तुझ्या बॅशला चिकटलेलं अक्षर म्हणजे तो तेरा नंबरचा कॅरेज रिटर्न.

आणि तो तिथे आणला गिटने, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचे बदल सांभाळणाऱ्या साधनाने. विंडोजवर गिट टाकताना इन्स्टॉलर बरेच प्रश्न विचारतो आणि आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो. त्यातला एक प्रश्न ओळींच्या शेवटाबद्दल असतो. आधीपासून निवडलेला पर्याय असा असतो की फाइली उतरवताना त्यांच्या ओळी विंडोजच्या पद्धतीच्या करायच्या आणि परत पाठवताना लिनक्सच्या. नोटपॅडच्या जमान्यात ही सोयच होती. पण तू विंडोजवर उतरवलेली फाइल डॉकर उचलतो आणि लिनक्सच्या डब्यात नेऊन ठेवतो. तिथे घोटाळा होतो.

आता खात्री करून घे. व्हीएस कोडमध्ये ती फाइल उघड आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत उजव्या बाजूला बघ. तिथे छोट्या अक्षरांत ‘सीआरएलएफ’ (कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही) लिहिलेलं असेल तर संशय खरा ठरला. त्यावर क्लिक कर, ‘एलएफ’ (फक्त लाइन फीड) निवड, फाइल सेव्ह कर आणि डॉकरची इमेज, म्हणजे त्या डब्याचा साचा, नव्याने बिल्ड कर. बिल्ड करणं विसरू नकोस. जुन्या इमेजमध्ये जुनीच फाइल बसलेली असते आणि ‘बदलूनही काही झालं नाही’ म्हणून माणूस योग्य वाट सोडून देतो. आधीपासूनच ‘एलएफ’ दिसत असेल तर त्या पहिल्या ओळीत बॅश मागितलाय का आणि इमेज अल्पाइनची आहे का, ते बघ. अल्पाइन फार छोटं ठेवलेलं लिनक्स आहे, त्यात मुळात बॅश नसतोच. संदेश मात्र हाच येतो.

एवढं कळल्यावर तुझ्या त्या पाच वेळा पुसण्याकडे परत बघ. प्रत्येक वेळी तू फोल्डर उडवलंस, डॉकर काढलास, सगळं पुन्हा उतरवलंस. पण गिटची ती सेटिंग जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे पाचही वेळा तीच फाइल त्याच रूपात आली आणि त्याच ओळीवर अडली. तू आळस केला नाहीस, उलट मेहनत भरपूर केलीस. पण ती मेहनत पुरावा पुसण्यात गेली. गणेश चवथीला मूर्तीच्या वर फळं टांगलेल्या माटोळीतला एखादा नारळ सुटून लोंबायला लागला तर आपण सगळी माटोळी उतरवून फळं परत बाजारात नेत नाही. कुठली गाठ सैल झाली ते बघतो.

पुसून परत टाकण्याचं एक वेगळं आकर्षण असतं. काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि विचार करावा लागत नाही. शिवाय प्रत्येक वेळी ‘या खेपेला होईल’ अशी आशा असते. मी याच्या पूर्ण विरोधात नाही. कुठल्या कमांडने काय बदललं याचा हिशेब पार हरवला असेल तर एकदा स्वच्छ सुरुवात करावी. पण एकदाच, आणि तेव्हाही पायरीगणिक लिहून ठेवत. तुझ्याकडे तर मोबाइलचं नेट आहे, रोजचा डेटा मोजका. डॉकरच्या इमेज आणि पायथॉनची पॅकेजं एकदा उतरली की लॅपटॉपवर साठून राहतात, दुसऱ्यांदा नेट लागत नाही. तू साठवणसुद्धा साफ करत होतीस, म्हणजे डेटाही जात होता आणि संध्याकाळही.

चॅटबॉटबद्दल तू थोडं ओशाळून लिहिलंयस. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, सगळेच विचारतात. मात्र काय विचारायचं ते बदल. ‘हे दुरुस्त कर’ म्हटलं की तो कमांड देतो, आणि कमांड चालली नाही तर दुसरी देतो. तुझ्या पत्रात ‘सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी दिली’, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा दिली, असं वाक्य आहे. ती परवानगीची अडचण नव्हतीच, पण आता लॅपटॉपवर तो एक बदल राहून गेला. त्याऐवजी विचार की या ओळीचा अर्थ काय, ही कोणकोणत्या कारणांनी येते आणि त्यातलं कुठलं कारण आहे हे काहीही न बदलता कसं तपासता येईल. ‘न बदलता’ हे आवर्जून लिही. आणि अर्थ कळत नसलेली कमांड भावाच्या प्रोजेक्टची फाइल असलेल्या लॅपटॉपवर चालवू नकोस.

आता मावसभाव. त्याला अर्धा तास लागला असेल, खोटं कशाला बोलेल? पण त्याच्याकडे मशीन कुठलं होतं ते तू विचारलंस का? मॅकवर किंवा लिनक्सवर ओळींची ही भानगड उद्भवतच नाही. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांचंही बहुधा तसंच असतं. त्यांनी ती आपल्या मशीनवर करून पाहिली, चालली, आणि लिहून टाकली. विंडोजवर ती कुठे मोडते हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? तू तीन आठवडे स्वतःला ‘मला येत नाही’ म्हणून घेत होतीस. माझ्या मते तुला त्यांच्या प्रकल्पातला एक दोष सापडला होता आणि तू तो गप्प बसून स्वतःच्या नावावर लावून घेतलास.

म्हणून माझं ऐक, बटणाचा मजकूर राहू दे बाजूला. तुझं पहिलं योगदान हेच होऊ शकतं. गिटमध्ये ‘गिट अ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची एक छोटी फाइल ठेवता येते. तिच्यात एका ओळीत सांगता येतं की एसएचने संपणाऱ्या फाइलींच्या ओळी नेहमी एलएफनेच संपाव्यात, उतरवणाऱ्याची सेटिंग काहीही असो. ही ओळ असती तर तुझे तीन आठवडे गेले नसते. आधी प्रकल्पात ती फाइल आहे का बघ, मग उघड्या आणि बंद झालेल्या दोन्ही इश्यूंमध्ये याच संदेशाचा शोध घे. बंद इश्यू लोक बघतच नाहीत आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच पडलेलं असतं. कुणी आधी मांडलेलं नसेल तर एवढ्या एकाच बदलाची वेगळी पुल रिक्वेस्ट (बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठव, बटणाच्या कामात ती मिसळू नकोस. कदाचित ते म्हणतील, ‘आम्ही थेट विंडोजवरून चालवण्याला पाठिंबा देत नाही.’ हरकत नाही. मग मार्गदर्शिकेत तसं एक वाक्य घालायचं सुचव. तेही नव्या माणसाच्या उपयोगाचंच.

हे झालं निदान. आता रोज काम करायला कायमची व्यवस्था कशी लावायची? तुझ्यासमोर तीन वाटा आहेत आणि मला त्या सारख्या वाटत नाहीत.

माझी पहिली पसंती विंडोजच्या पोटातल्या लिनक्सला, म्हणजे डब्ल्यूएसएलला. विंडोज ११ वर किंवा विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्तीवर एका कमांडने उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) बसतं. ते सुरू होत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू आहे का बघ. बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. मग डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये उबंटूशी जोडणी चालू कर आणि प्रकल्प उबंटूच्या आत, उबंटूच्याच गिटने क्लोन कर, म्हणजे त्याची प्रत उतरवून घे. क्लोन उबंटूच्या होम फोल्डरमध्ये हवा, सी ड्राइव्हवर नको. सी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून वाचणं फार संथ चालतं. शिवाय फाइल बदलली की पान आपोआप नवं व्हायला हवं, तेही तिथे होत नाही. ‘माझा लॅपटॉप स्लो आहे’ अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांचा लॅपटॉप ठीक असतो, फोल्डर चुकीच्या जागी असतं. व्हीएस कोड मात्र विंडोजवरच राहू दे, त्याच्या एका एक्स्टेन्शनने आतलं फोल्डर उघडता येतं. तू सध्या प्रकल्प डेस्कटॉपवर ठेवलायस. तुझा डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर तिथून तर लगेच हलव. हजारो बारीक फाइली क्लाउडवर चढवण्याच्या नादात तो लॅपटॉपही अडवतो आणि डेटाही संपवतो.

सत्तरीत जून-जुलैत वीज किती वेळा जाते हे मी तुला सांगायला नको. गिटचा क्लोन मधेच तुटला तर तो पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून क्लोन करताना ‘डेप्थ’ एक ठेव. म्हणजे सगळा इतिहास न येता फक्त आजची स्थिती येते, आणि बाकीचा इतिहास पुढे चांगलं नेट मिळेल तेव्हा मागवता येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर आणणार असशील तर एक सावधगिरी. लॅबमधला पीसीही विंडोजचाच, तिथल्या फाइली तशाच कॉपी केल्यास तर तो तेरा नंबरचा पाहुणा बरोबर येईल. ते फोल्डर लॅपटॉपवर ठेवून त्याच्यावरून उबंटूत नव्याने क्लोन कर. गिटच्या पोटातल्या साठ्यात ओळी एलएफच असतात, त्यामुळे नवा क्लोन स्वच्छ निघतो. नंतर रिमोटचा, म्हणजे गिट जिथून बदल आणतो त्या जागेचा, पत्ता बदलून मूळ प्रकल्पाचा घाल.

पुढचा अडथळा बहुधा मेमरीचा येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. डब्ल्यूएसएल मशीनची निम्मी रॅम वापरायची मुभा घेतं, म्हणजे तुझ्याकडे ४ जीबी. त्यात डेटाबेस, सर्व्हर आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एकदम उठले की कधी कधी नुसतंच ‘किल्ड’ दिसतं किंवा एक्झिट कोड १३७ येतो. तो दिसला की बहुतेक वेळा समजावं, मेमरी संपली आणि लिनक्सने कुणालातरी बाहेर काढलं. कोड चुकलेला नसतो. ब्राउझरचे टॅब बंद कर आणि डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलीत स्वॅप, म्हणजे मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा, वाढव. प्रकल्पाचे सगळे भाग एकदम न उठवता जेवढे लागतात तेवढेच उठव. बटणाच्या मजकुरासाठी ईमेल पाठवणारा भाग कशाला हवा?

दुसरी वाट क्लाउडची. असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब संकेतस्थळाच्या कोडस्पेसेसमध्ये ब्राउझरातच तयार लिनक्स मशीन मिळतं. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट असतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. प्रकल्पाने त्यासाठीची फाइल तयार ठेवली असेल तर काही मिनिटांत सगळं उभं राहतं. रॅमचा प्रश्न नाही, भावाचा प्रश्न नाही, वीज गेली तरी काम तिकडे सुरक्षित राहतं. पण नेट नाही तर काहीच नाही. काम झालं की मशीन थांबवायचंही लक्षात ठेवायला हवं, नाहीतर आपोआप बंद होईपर्यंतचे तास मोजले जातात. परीक्षेआधीच्या घाईत किंवा एखाद्या छोट्या दुरुस्तीला ही वाट उत्तम. तुझ्या शिकण्याच्या दृष्टीने मात्र मी तिला दुसरी ठेवेन, कारण उद्या नोकरीच्या ठिकाणी असलाच गुंता समोर आला तर तो सोडवायची सवय लागायला हवी.

तिसरी वाट म्हणजे काही न बसवता हातभार लावणं. तुझं बटणाचं काम गिटहबच्या पानावरच फाइल उघडून करता येईल, तपासण्या त्यांच्या सर्व्हरवर चालतील. फक्त ‘मी हे माझ्या मशीनवर चालवून पाहिलेलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिही, म्हणजे झालं. भाषांतराचं दारही उघडं आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचा मजकूर ट्रान्सलेटविकीवर भाषांतरित होतो, लिबरऑफिसचा वेबलेटवर. मराठी आणि कोंकणी दोन्ही येणारी माणसं तिथे हवीच आहेत, आणि मेनू, बटणं यांचे शब्द घडवायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पण ते आवडत असेल तर कर. ‘कोड जमत नाही म्हणून भाषांतर’ असं करू नकोस, भाषांतर करणाऱ्यांवरही तो अन्याय आहे.

डिस्कचे दोन भाग करून लिनक्स बसवायचं चौथं खूळ तुझ्या डोक्यात आहे, पत्रात एका कंसात तू ते लिहिलंयस. लॅपटॉप दोघांचा आहे. सध्या नको.

आता त्या न दिलेल्या उत्तराकडे येऊ, कारण मला वाटतं एररपेक्षा तेच तुला जास्त छळतंय. ‘कसं चाललंय’ हा प्रश्न म्हणजे जाब विचारणं असं तू धरलंस. मेन्टेनरच्या जागी बसून बघ. त्याच्याकडे असे पुष्कळ इश्यू असतात. ‘मला द्या’ म्हणून घेणारे बरेच, आणि त्यातले अनेक पुन्हा दिसत नाहीत. त्याला एवढंच कळायला हवंय की हा इश्यू तुझ्याकडे ठेवायचा की दुसऱ्या कुणाला मोकळा करून द्यायचा. ‘अडकले आहे’ हेसुद्धा त्याच्या उपयोगाचं उत्तर आहे. उशिराबद्दल एक वाक्य पुरे, तीन परिच्छेद माफी मागायची गरज नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ही नको. तिथे नावाने हाक मारतात, त्यात उद्धटपणा नसतो.

इंग्रजीची भीती मी समजू शकते, पण अशा निरोपाला इंग्रजी लागतंच किती? चार गोष्टी सांगायच्या: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि माझ्याकडे काय काय आहे. विंडोजची आवृत्ती, डॉकरची आवृत्ती, कुठल्या कमिटवर (गिटमधल्या बदलाच्या नोंदीवर) आहेस ते, आणि एररचा मजकूर. स्क्रीनचा फोटो नको, अक्षरं कॉपी करून टाक, कारण फोटोतली अक्षरं शोधता येत नाहीत. वाक्यं छोटी ठेव. जगभरचे अर्धेअधिक लोक तिथे दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतच लिहीत असतात. चॅटबॉटकडून गुळगुळीत लांबलचक पत्र मात्र लिहून घेऊ नकोस. असले निरोप वाचून मेन्टेनर मंडळी हल्ली कंटाळलेली असतात आणि तुझी साधी, थोडी मोडकी वाक्यं त्यांना जास्त खरी वाटतील. उत्तर लगेच नाही आलं तर मनाला लावून घेऊ नकोस. तू रात्री जेवून लिहायला बसतेस तेव्हा कुणी ऑफिसात असतं, कुणी झोपलेलं. हे काम बरेच जण फावल्या वेळात करतात, एखादा आठवडा थांबून एकदा आठवण करावी.

आजच लिहिण्यासारखा निरोप मराठीत सांगते, इंग्रजी तुझं तू कर: ‘उत्तराला उशीर झाला, माफ करा. विंडोजवर सेटअप अडला होता. एन्ट्रीपॉइंट फाइलीच्या ओळी सीआरएलएफ झाल्यामुळे कंटेनर सुरू होत नव्हता. तुम्हाला चालत असेल तर गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ घालून वेगळी पुल रिक्वेस्ट पाठवते. हा इश्यू पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या, नाही जमलं तर मी स्वतःच सोडते.’ अर्थात, व्हीएस कोडच्या कोपऱ्यात खरंच सीआरएलएफ दिसलं तरच. आधी बघ, मग लिही.

सरांनी गूगल समर ऑफ कोडचं नाव घेतलं आणि तू घाबरलीस, असं दिसतं. नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्सचं काम करू देणारा हा गूगलचा उपक्रम २००५ पासून दर वर्षी होतो आणि २०२२ पासून विद्यार्थीच असलं पाहिजे ही अटही राहिलेली नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. अर्जाआधी प्रकल्पात दोन-तीन छोटी, पूर्ण झालेली कामं असणं घाईत भरलेल्या अर्जापेक्षा जास्त वजनदार.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण अशी पत्रं अलीकडे बरीच येतात आणि प्रत्येकाची ओळ वेगळी असते. पायथॉनची एरर असेल तर सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, खरं कारण तिथे असतं. डॉकरमध्ये पाच भाग एकदम बोलत असतात, तिथे सगळ्यात आधी कोण पडलं ते वर जाऊन शोधा, खालचे त्याच्यामुळे पडलेले असतात. पॅकेज बसवताना ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ हवं’ असं म्हणालं की लोक काही जीबींचं सामान उतरवत बसतात. आधी पायथॉनची आवृत्ती बघा. अगदी नवी आवृत्ती टाकली असेल तर त्या पॅकेजचा तिच्यासाठीचा तयार भाग अजून निघालेला नसतो, म्हणून ते तुमच्या मशीनवर बांधायला जातं. प्रकल्पाने सांगितलेली आवृत्ती टाकली की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. ‘पोर्ट वापरात आहे’ असं आलं तर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं झॅम्प आठवा. त्याचं मायएसक्यूएल ३३०६ वर आणि अपाची ८० वर बसून असतं. आणि फायरफॉक्ससारखा अवाढव्य प्रकल्प निवडला असेल तर सगळं स्वतः कंपाइल करायच्या आधी मार्गदर्शिकेत ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ शोधा. दिसण्या-वागण्यातले बदल करणाऱ्यांना तिथे आधीच बांधलेले भाग उतरवून घेता येतात, तासन्‌तास पंखा फिरत नाही.

शेवटी बाबांचा लॅपटॉप. ते हप्ता काढायला तयार झाले यातलं प्रेम कळतं, म्हणूनच ते नको त्या जागी खर्च होऊ देऊ नकोस. तुझी एरर नव्या मशीनवरही आली असती, त्याच गिटने आणि त्याच सेटिंगने. रॅम खरंच कमी पडायला लागली, १३७ वारंवार दिसायला लागला, तर आधी याच लॅपटॉपची रॅम वाढवता येते का बघ. काही मॉडेलांत ती बोर्डालाच जोडलेली असते, काहींत एक खाच मोकळी असते. मॉडेलचा नंबर खालच्या स्टिकरवर असतो, तो घेऊन म्हापशाला किंवा पणजीला दुरुस्तीच्या दोन दुकानांत विचार, एकाच नको. डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल तर रॅमच्याही आधी एसएसडी बसव, फरक पहिल्याच दिवशी कळेल. या दोन्हींचा खर्च नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांपुढे किरकोळ आहे. आणि भावाला सांगून ठेव, उबंटूचं फोल्डर दिसलं की ‘हे काय आहे’ म्हणून डिलीट करायचं नाही.

तुझी,
ताई